अमेरिकेत नवीन आहात, दमा आहे आणि पंप संपत आलाय? बिनचिठ्ठीचा इन्हेलर घेण्याआधी हे वाचा

आम्ही ऑगस्टमध्ये इथे आलो तेव्हा माझ्या पर्समध्ये अस्थालिनचा एक पंप होता. एकच. पुण्यात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये नुसतं नाव घेतलं की तो मिळायचा, त्यामुळे दोन-चार जास्तीचे घ्यावेत हे डोक्यातच आलं नाही. नोव्हेंबरात घरातलं हीटिंग सुरू झालं, कार्पेटमधली जुनी धूळ गरम हवेबरोबर वर आली आणि पंधरा दिवसांत पंप रिकामा. इन्शुरन्सचं कार्ड अजून पोस्टात होतं. रात्री नऊ वाजता मी मोठ्या फार्मसीत गेले, शेल्फवर ‘अस्थमा’ लिहिलेला इन्हेलर दिसला, चिठ्ठी लागत नव्हती, पैसे दिले आणि सुटले असं वाटलं.

गाडीत बसल्या-बसल्या अस्थालिन घ्यायचे तसे दोन पफ लागोपाठ घेतले. तासाभराने अजून दोन. त्याआधी संध्याकाळी मोठा कप कॉफी झाली होती, सर्दीची गोळीही पोटात होती. पुढचे दोन तास छाती अशी धडधडत होती की दम्यापेक्षा त्या धडधडीनेच घाम फुटला. चूक सगळी माझी. खोकं उघडून मागचा मजकूर मी वाचलाच नव्हता. मी अस्थालिन समजून जे ओढलं ते औषधच वेगळं होतं.

नंतर डॉक्टर, फार्मासिस्ट आणि इथे जुने झालेले दोन-तीन दमेकरी यांच्याकडून जे कळलं ते क्रमाने मांडते. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, औषध बदलणं हे त्यांचंच काम.

१. आधी ठरवा: दुकानात जायची वेळ आहे की ९११ (इथला इमर्जन्सी नंबर) फिरवायची?

बिनचिठ्ठीच्या इन्हेलरवर स्पष्ट लिहिलेलं असतं की तो अधूनमधून होणाऱ्या, सौम्य दम्याच्या तात्पुरत्या आरामासाठी आहे. त्यामुळे खालीलपैकी एक जरी गोष्ट होत असेल तर फार्मसी विसरा आणि ९११ लावा:

- एक वाक्य एका दमात पूर्ण होत नाही, दोन-तीन शब्दांनंतर थांबावं लागतं
- श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाते
- पंप घेऊनही फरक पडत नाही, किंवा पडलेला फरक थोड्याच वेळात जातो
- आधी ऐकू येणारी घरघर अचानक थांबली, पण माणूस मात्र थकत, गळत चाललाय
- ओठ, जीभ, नखं निळसर किंवा राखाडी दिसतात

शेवटची खूण आपल्या सावळ्या रंगावर पटकन कळत नाही. ओठांची आतली बाजू आणि हिरड्या बघा. आणि चौथी खूण सगळ्यात फसवी. घरच्यांना वाटतं, आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं. खरं तर शिट्टी वाजायलासुद्धा हवा लागते, आणि ती आतच जात नसते.

बिलाच्या भीतीने लोक इथे अंगावर काढतात, मीही काढलं असतं. म्हणून हे माहीत असू द्या: १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार मेडिकेअरशी (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याशी) करार असलेल्या हॉस्पिटलांच्या, म्हणजे जवळजवळ सगळ्याच हॉस्पिटलांच्या, इमर्जन्सी विभागाला आलेल्या माणसाला तपासावं आणि स्थिर करावं लागतं, त्याच्याकडे इन्शुरन्स असो वा नसो. बिल नंतर येतंच, पण दारातून परत पाठवता येत नाही. बिलावर घासाघीस करता येते, हप्ते पाडून मिळतात, उत्पन्न कमी असेल तर बरीच हॉस्पिटलं सूटही देतात.

२. नावांचा घोळ सोडवा

माझं सगळं रामायण इथूनच सुरू झालं. भारतात ज्याला आपण साल्ब्युटामॉल म्हणतो, त्याला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल म्हणतात. रसायन तेच, नाव निराळं. काउंटरवर ‘साल्ब्युटामॉल आहे का’ विचारलंत तर समोरचा गोंधळलेला चेहरा करेल, ‘अस्थालिन’ म्हणालात तर आणखीच. आणि हे अल्ब्युटेरॉल इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. (कागदोपत्री भारतातही चिठ्ठी लागतेच. आपल्याकडे विचारत नाहीत एवढंच.)

इथे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या इन्हेलरमध्ये असतं एपिनेफ्रिन. हे दुसरं नाव, आपण त्याला ॲड्रेनॅलिन म्हणतो. घाबरल्यावर शरीर स्वतः सोडतं तेच. साल्ब्युटामॉल मुख्यतः श्वासनळीच्या स्नायूंवर काम करतं, एपिनेफ्रिनला मात्र अशी आवडनिवड नाही. ते श्वासनळी उघडतं, सोबत हृदयाचे ठोके वाढवतं आणि रक्तदाबही चढवतं. वर त्याचा असर अल्ब्युटेरॉलपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून हात पुन्हा पंपाकडे जातो.

भारतातल्या दम्याच्या औषधांची इथली नावं, फार्मसीत किंवा डॉक्टरसमोर वाचून दाखवायला:

- अस्थालिन: अल्ब्युटेरॉल (ब्रँड व्हेंटोलिन, जेनेरिकही मुबलक)
- लिव्होलिन: लेव्हअल्ब्युटेरॉल (झोपेनेक्स)
- बुडेकोर्ट: बुडेसोनाइड (पल्मिकोर्ट)
- फोराकोर्ट: बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल (सिंबिकोर्ट)
- सेरोफ्लो: फ्लुटिकासोन आणि साल्मेटेरॉल (ॲडव्हेअर)
- मॉन्टेअर (ही गोळी): मॉन्टेलुकास्ट (सिंग्युलेअर)

ही यादी फक्त औषध ओळखण्यापुरती आहे. उपकरण आणि मात्रा वेगळी असू शकते, म्हणून ‘हेच द्या’ असं न म्हणता ‘तिकडे हे घेत होते’ एवढंच सांगा. रोटाहेलरमध्ये टाकायच्या आपल्या कॅप्सूल इथल्या फार्मसीत मिळतील ही आशा ठेवू नका. रोटाहेलरवर असाल तर निघण्यापूर्वीच डॉक्टरकडून पंपावर किंवा दुसऱ्या उपकरणावर बदल करून घ्या आणि दोन आठवडे तो वापरून बघा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना छळते: भारतातल्या अस्थालिनवर १०० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, इथल्या अल्ब्युटेरॉलवर ९०. इथला पंप कमजोर नाही. एका ठिकाणी व्हॉल्व्हमधून सुटणारं औषध मोजतात, दुसऱ्या ठिकाणी तोंडाच्या नळीतून बाहेर येणारं. म्हणून एखादा पफ ‘भरपाई’ म्हणून वाढवू नका.

३. शेल्फवर नेमकं काय काय दिसेल

दम्यासाठी चिठ्ठीशिवाय मिळणारा पंप म्हणजे प्रायमाटीन मिस्ट. याची कथा थोडी वळणाची आहे. जुना प्रायमाटीन मिस्ट सीएफसी वायूवर चालायचा. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो वायू जगभर हद्दपार झाला, आणि ३१ डिसेंबर २०११ नंतर या पंपाची विक्री बंद झाली. सात वर्षं शेल्फ रिकामं. मधे २०१४ मध्ये नव्या वायूवरचं रूप एफडीएच्या (अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेच्या) सल्लागार समितीपुढे आलं, तेव्हा समितीने बिनचिठ्ठीच्या विक्रीविरुद्ध कौल दिला. कंपनीने उपकरण आणि लेबल सुधारलं, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये एफडीएने मंजुरी दिली. त्या वेळी छातीच्या आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी उघड नाराजी दाखवली. त्यांचं म्हणणं साधं: दमा हा स्वतःच्या स्वतः हाताळायचा आजार नाही, आणि दम्याच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत या औषधाला जागा नाही. दुसरी बाजूही आहेच. रात्री नऊ वाजता, कार्ड पोस्टात असताना, मी त्या दुसऱ्या बाजूला उभी होते. म्हणून तो कोणी घेऊच नये असं मी म्हणणार नाही. घेताना आपण काय घेतोय हे कळलेलं असावं.

आता त्याच्या आजूबाजूला ठेवलेल्या वस्तू. यातल्या काही जास्त गोंधळात पाडतात.

*एफेड्रिनच्या गोळ्या.* दम्यासाठी म्हणून विकल्या जातात पण फार्मासिस्टच्या काउंटरमागे ठेवलेल्या असतात. ओळखपत्र दाखवून सही करावी लागते, कारण याच रसायनापासून मेथ हे अमली द्रव्य बनवतात आणि २००६ पासून अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने विक्रीवर मर्यादा आहे. पासपोर्ट पुढे करून वहीत सही करताना नवख्या माणसाला वाटतं, एवढा बंदोबस्त आहे म्हणजे औषध जालीम असणार. बंदोबस्ताचं कारण वेगळं आहे. धडधड, झोप उडणं, रक्तदाब हे सगळं गोळीतही आहे, आणि भर दम्यात गोळी पंपाइतकी लवकर लागू पडत नाही.

*होमिओपॅथिक ‘अस्थमा’ फवारे आणि थेंब.* आपल्याकडे होमिओपॅथीवर विश्वास असलेली घरं खूप, त्यामुळे हात पटकन जातो. मार्च २०१५ मध्ये एफडीएने लोकांना सावध केलं होतं की होमिओपॅथिक म्हणून विकल्या जाणाऱ्या दम्याच्या अशा औषधांवर विसंबू नका, त्यांची सुरक्षितता आणि परिणाम तपासलेले नाहीत. धाप लागलेली असताना यात पंधरा मिनिटं घालवणं परवडत नाही.

*नाकाचे फवारे.* फ्लोनेज, नॅसाकॉर्ट यांत स्टेरॉइड असतं आणि ते चिठ्ठीशिवाय मिळतात, म्हणून माझ्या ओळखीतल्या एकाला वाटलं की हा आपल्या बुडेकोर्टचा बिनचिठ्ठीचा भाऊ. हे फवारे नाकाच्या ॲलर्जीसाठी असतात. नाक मोकळं राहिलं तर दम्यालाही थोडा उतार पडतो हे खरं, पण ते औषध फुप्फुसात जात नाही. तोंडातून तर मुळीच मारू नका.

*विक्सचा इन्हेलर.* नाव इन्हेलर, काम चोंदलेल्या नाकाचं.

४. खोक्याची मागची बाजू: कोणी घेऊच नये

इथल्या प्रत्येक बिनचिठ्ठीच्या औषधावर ‘ड्रग फॅक्ट्स’ नावाची चौकट छापलेली असते. अक्षरं बारीक, पण घाईतल्या माणसासाठी सगळं तिथेच आहे. फोनने फोटो काढून मोठा करून वाचा.

पंप विकत घेऊ नका, जर:

- तुम्हाला दमा आहे असं डॉक्टरने कधी सांगितलेलंच नाही. धाप हृदयामुळेही लागते, रक्तक्षयामुळेही, आणि लांबच्या विमानप्रवासानंतर पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तरीही. नुकतेच वीस तास बसून आला असाल, एका पोटरीला सूज असेल आणि एकदम दम लागला तर थेट इमर्जन्सी.
- वय १२ पेक्षा कमी आहे. मुलांना यातला अर्धा-पाव डोस द्यायचा विचारही नको.
- नैराश्यासाठी किंवा पार्किन्सनसाठी एमएओआय गटातलं औषध चालू आहे, किंवा ते बंद करून दोन आठवडे झालेले नाहीत.

डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, जर दम्यासाठी कधी हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं असेल, किंवा हृदयरोग, उच्च रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट येणं, काचबिंदू, मानसिक आजार, प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीचा त्रास यांपैकी काही असेल. ही यादी वाचून बघा: बाळंतपणाला मदतीसाठी आलेल्या आपल्या आई-बाबांपैकी, सासू-सासऱ्यांपैकी किती जण यातून सुटतात? बीपीची गोळी किंवा मधुमेह बऱ्याच ज्येष्ठांना असतो. त्यांच्यासाठी ‘तोवर हा घ्या बाबा’ म्हणून हा पंप आणू नका. बाबा सौम्य लक्षणं सांगत असले तरी. विशेषतः बाबा सौम्य सांगत असले तरी.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल तर आधी डॉक्टरशी बोला. दम्याचं औषध स्वतःहून बंद करून बसणं हे पोटातल्या बाळासाठीही धोक्याचं.

५. सोबत काय घेऊ नये

माझी गाडी इथेच घसरली होती, म्हणून हे वेगळं काढलं.

कॉफी, कडक चहा, कोला, एनर्जी ड्रिंक: कॅफिन आणि एपिनेफ्रिन दोघेही हृदयाला एकाच दिशेने ढकलतात. लेबलवरही हे टाळायला सांगितलेलं आहे. आपल्या हिशेबाने ‘चहा तर घेतलाच पाहिजे, छातीला बरं वाटतं’. या पंपाबरोबर नको.

सर्दीच्या गोळ्या: स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन असलेल्या. इथल्या ‘डे’, ‘कोल्ड अँड फ्लू’ वगैरे लिहिलेल्या पाकिटांत यातलं काहीतरी बऱ्याचदा असतं, आणि दमा उसळतो नेमका सर्दीतच.

डेरिफायलिन, आपल्याकडची दम्याची गोळी: कोणत्याही मराठी घराच्या सूटकेसमध्ये तिची एक पट्टी निघतेच. तिच्यातलं थिओफायलिन हे कॅफिनचंच चुलतभावंड. त्यावर एपिनेफ्रिन ओढलं तर धडधड, थरथर, मळमळ यांची दुप्पट मेजवानी. दोन्ही एकत्र घेऊ नका.

वजन कमी करायच्या किंवा ‘एनर्जी’च्या पुड्या-गोळ्याही याच खात्यात.

६. तरी घ्यायची वेळ आली तर

पंप पूर्वी नीट वापरलेला असला तरी हा वेगळा आहे. खोक्यातला कागद आधी उघडा.

पहिल्या वापरापूर्वी पंप हलवून हवेत काही फवारे मारून तयार करावा लागतो. किती ते कागदावर आहे. त्यानंतरही दर वेळी आधी हलवायचं आणि हवेत एक फवारा सोडायचा, कारण औषध आत मिसळून राहत नाही, खाली बसतं.

मग पूर्ण श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, श्वास हळू आत घेऊ लागताच दाबा आणि ओढणं चालू ठेवा. जमेल तेवढा वेळ श्वास रोखा. आपण घाबरलेले असतो तेव्हा आधी दाबतो आणि मग ओढतो. औषध जिभेवर, पोटात. मला माझी पद्धत इथल्या फार्मासिस्टने पाच मिनिटांत दुरुस्त करून दिली, पंधरा वर्षांच्या अनुभवाला न जुमानता.

मात्रा अशी, १२ वर्षांवरील सगळ्यांसाठी: एक पफ. किमान एक मिनिट थांबा. बरं नाही वाटलं तर दुसरा पफ. झालं. पुढचा डोस किमान ४ तासांनी. २४ तासांत जास्तीत जास्त ८ पफ. एका पफमध्ये ०.१२५ मिलिग्रॅम एपिनेफ्रिन असतं, आणि एका डब्यात १६० पफ. १६० हा आकडा बघून ‘चला, महिन्याची सोय झाली’ असं मला वाटलं होतं. महिनाभर लागत असेल तर तुमचा दमा या पंपाच्या आवाक्यातला राहिलेला नाही.

वापरलेल्या दिवशी पंप पाण्याखाली धुवायचा असतो, नाहीतर तोंड बुजतं आणि पुढच्या वेळी फवारा अर्धाच येतो. ही खटपट अस्थालिनवाल्यांच्या सवयीची नसल्यामुळे सगळे विसरतात.

थांबून डॉक्टर गाठायचे काटे लेबलवरच दिलेत, ते फोनमध्ये लिहून ठेवा: २० मिनिटांत आराम नाही (तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे ९११), त्रास वाढतोय, २४ तासांत ८ पेक्षा जास्त पफ लागतायत, किंवा आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा दम्याचा झटका येतोय.

अजून एक गैरसमज, कारण नावं सारखी आहेत: शेंगदाणा, मासळी, मधमाशी यांच्या जबर ॲलर्जीसाठी जे एपिनेफ्रिनचं इंजेक्शन देतात त्याची जागा हा पंप घेऊ शकत नाही. अंगावर गांधी, घसा आवळणं, चक्कर असं एकत्र झालं तर इंजेक्शन आणि ९११.

७. खरा पंप मिळवायचा रस्ता

बिनचिठ्ठीचा पंप तीस डॉलरच्या आसपास पडतो. मजा म्हणजे फार्मसीची कूपन ॲप लावली तर जेनेरिक अल्ब्युटेरॉल बऱ्याचदा तेवढ्याच्या आसपास मिळतं. म्हणजे अडचण पंपाच्या किमतीची नसते, चिठ्ठीची असते. ती मिळवायच्या वाटा, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

विद्यार्थी असाल तर विद्यापीठाचं हेल्थ सेंटर. फी बहुतेक आधीच भरलेली असते आणि बहुतेकांना हे ठाऊक नसतं.

व्हिडिओवरचा डॉक्टर. दमा जुना आहे, औषध ठरलेलं आहे, आत्ता त्रास सौम्य आहे, अशा वेळी बरेचदा त्याच दिवशी चिठ्ठी थेट फार्मसीत जाते. आधी विचारा की तुमच्या राज्यात इन्हेलर लिहून देतात का.

अर्जंट केअर, म्हणजे आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना. आठवड्याच्या शेवटीही उघडं. महाग पडतं, पण छाती ऐकून तिथेच नेब्युलायझर देता येतो. आत शिरण्यापूर्वी ‘इन्शुरन्स नसेल तर तपासणीचे किती’ हे विचारायला लाजू नका, सगळेच विचारतात.

कम्युनिटी हेल्थ सेंटर. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या या दवाखान्यांत उत्पन्नानुसार फी ठरते. तारीख मिळायला वेळ लागतो, पण कायमचा डॉक्टर मिळतो.

भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथली फार्मसी चालवून घेत नाही. ती तरीही सोबत न्या, इथल्या डॉक्टरला औषध ओळखायला उपयोग होतो. सोबत न्यायच्या गोष्टी:

- पासपोर्ट किंवा राज्याचं ओळखपत्र
- इन्शुरन्स कार्ड, नसेल तर पॉलिसीचा नंबर किंवा ॲपचा स्क्रीनशॉट
- रिकामा पंप, खोक्यासकट
- भारतातले रिपोर्ट, स्पायरोमेट्री (फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी) झाली असेल तर ती आधी
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, रासायनिक नावांनी, आयुर्वेदिकसुद्धा
- शेवटच्या वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा हॉस्पिटल कधी लागलं त्याचं वर्ष

डॉक्टरकडे फक्त निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल, मागून उठू नका. दम्यात श्वासनळीला सूज असते. साल्ब्युटामॉल काय, एपिनेफ्रिन काय, स्नायू सैल करतात, सूज तशीच राहते. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत, म्हणजे जिनामध्ये, प्रौढांना आणि १२ वर्षांवरील मुलांना एकटं साल्ब्युटामॉल देऊ नये, सोबत इन्हेलरमधलं स्टेरॉइड असावं असं म्हटलं आहे. ‘स्टेरॉइड’ म्हटलं की आपण दचकतो, पण पंपातली मात्रा गोळीच्या मानाने किरकोळ असते. घेतल्यावर चूळ भरून थुंका, म्हणजे तोंडात पांढरा थर धरत नाही. आणि लेखी अस्थमा ॲक्शन प्लॅन मागा. एका कागदावर हिरवा, पिवळा, लाल असे तीन टप्पे असतात, फ्रिजवर लावता येतो.

ब्रँडेड कंट्रोलर (सूज आटोक्यात ठेवणाऱ्या) पंपांची किंमत ऐकून डोळे पांढरे झाले तर एक विचारा: २०२४ मध्ये काही मोठ्या कंपन्यांनी आपल्या इन्हेलरसाठी रुग्णाच्या खिशातून महिन्याला ३५ डॉलरपेक्षा जास्त जाऊ नयेत अशा योजना जाहीर केल्या. अटी आहेत, सरकारी इन्शुरन्सवाल्यांना बहुधा लागू होत नाही. फार्मासिस्ट स्वतःहून सांगेलच असं नाही.

चिठ्ठी संपलीय आणि डॉक्टर सोमवारपर्यंत भेटत नाही अशा वेळी बऱ्याच राज्यांत फार्मासिस्ट जुन्या चिठ्ठीवर तात्पुरता साठा देऊ शकतो. मागितलं तरच मिळतं. म्हणून नेहमी एकाच फार्मसीतून औषध घ्या, तुमची नोंद तिथे असते.

८. अजून भारतातच असाल तर

तुमचं काम सगळ्यात सोपं. स्वतःच्या वापरासाठी साधारण ९० दिवसांपर्यंतची औषधं सोबत आणता येतात: मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह, चिठ्ठीवर रासायनिक नावं आणि पासपोर्टवरचंच नाव. पंप हातातल्या बॅगेत ठेवा, सूटकेसमध्ये नाही. सुरक्षा तपासणीत तो चालतो. एक सूटकेस दोहात राहिली आणि पंप तिच्यात होता, असं एकाने मला सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अजून ती रात्र दिसत होती.

घरच्यांना नंतर कुरिअरने पंप पाठवायला सांगू नका. टपालाने येणारं परदेशी औषध बहुतेक वेळा बेकायदा आयातीत मोडतं आणि पार्सल अडकतं. अडकलेलं पार्सल फुप्फुसांच्या उपयोगाचं नाही.

आणि पंपावर काउंटर असेल तर रोज बघा. नसेल तर पहिल्या दिवसाची तारीख मार्करने डब्यावर लिहा आणि पफ मोजा. पंप पाण्यात तरंगवून किती उरलाय ते बघायची जुनी युक्ती सोडा, ती चुकीचा अंदाज देते. काउंटर ०२० वर आला की नवीन पंप मागवा, कारण रिफिलला इन्शुरन्सची मंजुरी लागली तर चार-पाच दिवस सहज जातात.